डॅशबोर्डवर हनुवटी

आमच्या गारेगारला सकाळी शेडमध्ये पाऊल ठेवल्यापासून ज्या माणसाचा राग येतो, त्या माणसाला त्यानं कधी पाहिलेलं नाही. मोटारगाड्यांचे डॅशबोर्ड ज्या कुणी आखले, तो हा माणूस.

"आधी हीटर ठेवला, त्याला चिकटून थंडीची कॉईल ठेवली, त्याला चिकटून पंखा ठेवला, त्यावर वायरींचं जंगल वाढवलं, त्यावर हे काळं टरफल बसवलं, आणि मग उरलेल्या जागेत गाडी बांधली!" असं तो ओरडून सांगत असतो. सांगताना त्याचे पाय सीटच्या पाठीवर असतात आणि डोकं पेडलांपाशी. "एकदा, फक्त एकदा मला तो भेटू दे. याच ग्लव्ह बॉक्समध्ये कोंबतो त्याला आणि वरून स्क्रू आवळतो."

गारेगार हे त्याचं खरं नाव नव्हे. गाड्यांमधली थंड-गरम हवा दुरुस्त करायचा धंदा आणि स्वभाव उकळत्या किटलीसारखा, म्हणून कुणीतरी त्याच्या पाठीमागे हे नाव ठेवलं आणि ते पाठीमागेच राहिलं. तोंडावर काही म्हणायची हिंमत एकाच व्यक्तीत होती, त्याच्या थोरल्या बहिणीत. ती त्याला 'धाकट्या' म्हणते. टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या, चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधणाऱ्या माणसाला भर गिऱ्हाइकांत 'ए धाकट्या' अशी हाक आली की त्याच्या रागाला दिवसभर पुरेल एवढं इंधन मिळतं.

ही ताई जगाची ताई आहे. तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला ताईच म्हणतात, कारण दुसरं काही म्हणून बघण्यात धोका आहे. ती गाड्यांच्या सीटा शिवते. एकच पत्र्याची शेड, उजवा भाग त्याचा, डावा तिचा. तो गाडीचं पुढचं उसवणार, ती मागचं शिवणार. वडिलांनी शेड दोघांना देताना मधे भिंत घातली नाही. भावंडं एकत्र राहतील असं त्यांना वाटलं असावं. राहिलीही. पण भिंत असती तर दोघांचे आवाज इतके मोठे झाले नसते, असं माझं आपलं मत आहे.

मी त्यांचा जुना गिऱ्हाईक. माझी गाडी त्याहून जुनी. ती दुरुस्त होईपर्यंत बाकावर बसून चहा प्यायचा आणि भांडण ऐकायचं, हा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता. दिवसाची सुरुवात ठरलेली असे. ताई शिवणयंत्राचं आच्छादन काढणार, दोरा ओवणार आणि मान वर न करता पहिला दगड टाकणार.

"उजाडलं वाटतं राजेसाहेबांचं."

"तुझ्या यंत्राच्या खडखडाटानं रस्त्यावरची कुत्रीसुद्धा उठली, मी कोण?"

"कुत्री लवकर उठतात रे. कामाची असतात ती."

एवढं झालं की दोघांच्या चेहऱ्यावर तरतरी येई आणि कामं सुरू होत. त्या घरात कुणी कुणाला 'कसा आहेस' असं विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायची पद्धत ही अशी होती.

आता गारेगारची काम करायची रीत सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच झाला. डॅशबोर्डच्या आत थंड आणि गरम हवेच्या वाटांवर प्लास्टिकच्या झडपा असतात. एक झडप गरम-थंडाचं प्रमाण ठरवते, दुसरी हवा पायांवर सोडायची की तोंडावर ते ठरवते, तिसरी हवा बाहेरची घ्यायची की आतलीच फिरवायची ते ठरवते. हल्लीच्या गाड्यांत चालकाला वेगळी हवा आणि शेजारच्याला वेगळी. नवरा-बायकोचं एका तापमानावर एकमत होत नाही हे कंपन्यांना कळलं, आणि झडपांची संख्या वाढली. प्रत्येक झडप फिरवायला साबणाच्या वडीएवढी एक मोटर, तिच्या पोटात दातेरी चाकं. त्यातला एखादा दात तुटला की चाक जागच्या जागी घसरतं आणि टक, टक, टक असा आवाज सुरू होतो. तो सगळ्या डॅशबोर्डभर पसरतो. आत अशा चार-पाच मोटरी, त्यातली कुठली रडतेय हे बाहेरून कळत नाही, म्हणून इतर मेकॅनिक सरळ सगळा डॅशबोर्ड उतरवतात. आणि उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. एखादी क्लिप मोडते, एखादा स्क्रू हातात उरतो, मग जन्मभर प्रत्येक खड्ड्याला गाडी कुरकुरते.

गारेगार उतरवत नसे. तो पुढच्या दोन सीटांच्या मधे गुडघे टेकून बसायचा, डॅशबोर्डच्या बरोब्बर मधोमध हनुवटी ठेवायचा आणि डोळे मिटायचा. गिऱ्हाइकानं बाहेरून हात घालून बटणं फिरवायची. बोलायचं नाही. ताईचं यंत्रसुद्धा तेवढ्यापुरतं थांबायचं. ती एवढी एकच सवलत त्याला देत असे. थोड्या वेळानं डोळे मिटलेलेच ठेवून तो बोट पुढे करायचा आणि एका जागी टेकवायचा. "इथं." मग तेवढीच एक जागा उघडायचा आणि तुटक्या दाताचं चाक काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा. 'एकच जागा उघडणार' हे त्याचं ब्रीद होतं. त्याच्यापाशी लांबून गाड्या यायच्या त्या याच एका गोष्टीसाठी. शेडमध्ये अवजारं गंजकी, बाक मोडका, मालक अंगावर येणारा. पण कान होता.

त्या कानाचा त्याला फार तोरा. कोपऱ्यावर एक गॅरेजवाला आहे. तो लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक गाडीला लावायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला, आणि तसा आवाजाचा माग काढायचा. गारेगारला ते बघवत नसे.

"काठीवाला!" तो कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा. "आंधळ्यानं काठी टेकत रस्ता शोधावा तसं चाललंय! कान दिलेत ना? दोन दिलेत. का दिलेत? चष्मा अडकवायला?"

कोपऱ्यावरचा भला माणूस. तो फक्त हसायचा, आणि त्यामुळे याचं पित्त आणखी खवळायचं.

गेल्या थंडीत गारेगारला सर्दी झाली. सर्दी म्हणजे त्याच्या हिशेबी हवामानानं केलेला वैयक्तिक अपमान. ती बरी झाली, पण डावा कान बसला तो बसलाच. पाण्यात बुडी मारल्यावर होतं तसं, असं त्यानं नंतर सांगितलं. त्या वेळी सांगितलं नाही. कुणालाच नाही. घरी बायकोनं काही विचारलं तर तो उत्तर देत नसे, पण त्यावरून त्या माउलीला काय कळणार? तो सर्दीच्या आधीही देत नसे.

कळलं ते ताईला. पण आधी उलटंच कळलं. एके सकाळी तिनं यंत्रावरून नेहमीप्रमाणे पहिला दगड टाकला, "आलं का सिंहासनावर ध्यान?" आणि उत्तर आलं नाही. दुसरा टाकला. उत्तर नाही. तो आपला उजव्या भिंतीपाशी पाने-पकडी चाळत उभा. तिनं यंत्र बंद केलं आणि मान वर करून बघितलं, जी ती कधी करत नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ताईनं बोलणंच टाकलं.

"माझ्याशी अबोला धरतो," ती मला म्हणाली. रागानं तिच्या तोंडातल्या टाचण्या थरथरत होत्या. "आईबाप गेले तेव्हासुद्धा आम्ही भांडलो. तेराव्या मिनिटाला भांडलो. आणि हा आता गप्प! मी काय परकी आहे का, गप्प बसायला?"

"विचारा की त्याला," मी म्हणालो.

"मी विचारू? माझा अबोला आहे!"

अशा शेडमध्ये, जिथं एक ऐकत नव्हता आणि दुसरी बोलत नव्हती, टॅक्सीवाला आला.

हा टॅक्सीवाला लांबलचक मिशांचा आणि आधीच चिडलेला होता. त्याच्या गाडीत हवा गरम यायची, थंड यायची, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण गाडी सुरू केली की आत टक, टक, टक सुरू व्हायचं आणि थांबायचंच नाही.

"लोकांना वाटतं मी मीटर पळवतोय!" तो म्हणाला. "काल एक म्हातारा मधेच उतरला, चोर म्हणाला मला. मीटरकडे बोट दाखवून सांगतो, बघा, आकडा हललाय का? तर म्हणे, आतून पळवलायस! बावीस वर्षं टॅक्सी चालवतोय मी, आजवर कुणी चोर म्हणालं नव्हतं. आता रोज म्हणतात."

"बस," गारेगार म्हणाला. "एकच जागा उघडणार."

तो गुडघ्यावर बसला. हनुवटी टेकली. डोळे मिटले. ताईनं अबोला असूनही यंत्र थांबवलं. टॅक्सीवाल्यानं किल्ली फिरवली. टक, टक, टक. मी बाकावरून ऐकत होतो. जरा वेळानं त्यानं बोट उजवीकडे नेलं आणि स्टिअरिंगच्या खालच्या पट्टीवर टेकवलं.

"इथं."

पट्टी काढली, हात घातला, चालकाकडच्या झडपेची मोटर काढली, पोट फोडलं. दात सगळे जागेवर. एकही पडलेला नाही. नव्या गाडीत असावेत तसे.

"माल हलका," तो म्हणाला. "दिसत नाही, पण घसरतो." त्यानं नवी मोटर बसवली. किल्ली फिरवली. टक, टक, टक.

तो पुन्हा हनुवटी टेकून बसला. पुन्हा बोट उजवीकडेच गेलं, या वेळी थोडं वर. ती जागा उघडली. तिथं मोटरच नव्हती, नुसतीच हवेची नळी. मग तो जो चिडला तो चिडतच गेला. एक पट्टी, दुसरी पट्टी, स्पीडोमीटरचा घुमट, स्टिअरिंगचं आवरण. प्रत्येक पट्टीबरोबर त्या न पाहिलेल्या माणसाच्या सात पिढ्या निघाल्या. दुपार कलली तेव्हा टॅक्सीचा अर्धा डॅशबोर्ड माझ्या शेजारी बाकावर होता, वायरी जमिनीला लोळत होत्या आणि आतून शांतपणे टक, टक, टक चाललं होतं.

टॅक्सीवाला उठला. त्याच्या मिशा फुलल्या होत्या. "हे एकच जागा उघडणं का? माझी गाडी आहे का भाजी आहे ही, सोलायला?"

"गाडीच नालायक आहे तुझी!"

"गाडी नालायक? तुझे हात नालायक! कोपऱ्यावर गेलो असतो तर आत्तापर्यंत दोन भाडी मारली असती!"

हे ऐकून गारेगार अंगावर धावून जाईल म्हणून मी चहाचा कप खाली ठेवला. तो गेला नाही. टॅक्सीवाला त्याच्या डाव्या हाताला उभा होता. गारेगार कपाळाला आठ्या घालून त्याच्या मिशांकडे बघत राहिला. हा काय म्हणतोय ते ओठांवरून जुळवत असावा तसा.

ते ताईनं पाहिलं.

ती यंत्रावरून उठली. टॅक्सीवाल्याला हातानंच बाजूला सारलं आणि भावाच्या डाव्या खांद्यामागे उभी राहिली. मोठ्यानं नाही, पण स्पष्ट म्हणाली, "कोपऱ्यावरचा तुझ्यापेक्षा बरा."

काही नाही. तो पट्टीवरची धूळ पुसत होता.

"तुझ्या टकलात तोंड बघून मी टिकली लावू का?"

काही नाही. टॅक्सीवाल्यानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. ताईचा चेहरा उतरत गेला. मग ती त्याच्या पाठीमागून फिरून उजवीकडे गेली आणि अगदी हळू, कुजबुजल्यासारखं म्हणाली, "कोपऱ्यावरचा बरा."

"कोण म्हणालं?" गारेगार अशी उडी मारून वळला की पट्टी हातातून निसटून छताला लागली. "कोण म्हणालं ते? तू? सख्खी बहीण तू?"

"कान दाखव," ताई म्हणाली.

"कानाला काय धाड भरलीय?"

"सगळ्या गाड्या एकाच बाजूनं बिघडतात का रे धाकट्या? परवाची पांढरी गाडी, तिची उजवी बाजू उघडलीस, निघालं काय? काही नाही. त्याआधी ती शाळेच्या बाईंची. उजवी. आज ही. उजवी. डावीकडून तुला काहीच येत नाही. म्हणून सगळं उजवीकडून आल्यासारखं वाटतं!"

"माझे कान ठणठणीत आहेत!"

"मग मी आत्ता काय म्हणाले?"

"कधी?"

"तेच तर!" ताई किंचाळली. "आणि मी मूर्ख! मी म्हणत होते हा माझ्याशी अबोला धरतोय! बहिरा झालास तर सांगायचं नाही? इतकी वर्षं शिव्या दिल्या मी तुला, एक तरी चुकवली का? आता इतक्या दिवसांच्या शिव्या फुकट गेल्या माझ्या!"

दुसऱ्या दिवशी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे ताईनं मागच्या सीटवर त्याचं मनगट धरून ठेवलं आणि गाडी मी चालवली. डॉक्टरीणबाई तरुण आणि मऊ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी एक दोन पायांचा लोखंडी चिमटा हातावर आपटला आणि त्याची मूठ याच्या कपाळाच्या मधोमध टेकवली.

"आवाज येतो?"

"येतो."

"कुठून?"

गारेगार गोंधळला. त्याला उभ्या आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो स्वतःच लोकांना उत्तर द्यायचा. "कुठून म्हणजे... आतून. हाडातून. उजव्या कानात जातोय."

बाईंनी तपासण्या केल्या आणि मग सांगितलं की डाव्या कानाची नस गेली आहे. सर्दीनंतर लगेच आला असता तर औषधानं कदाचित काही झालं असतं, आता फारशी आशा नाही. एका कानानं ऐकू येईल, पण आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळणार नाही. त्यासाठी दोन लागतात.

परतीच्या वाटेवर तो असा काही तापला की मी गाडीच्या काचा खाली केल्या.

"उघडून बघितलंसुद्धा नाही तिनं! नुसता चिमटा लावला आणि म्हणे नस गेली! मी गाडी अशी परत दिली तर लोक जोड्यानं मारतील!"

"कान काय स्क्रूंनी बसवलाय का, उघडायला?" ताई म्हणाली.

"तू गप्प बस."

"नाही बसणार. आता तर मुळीच नाही बसणार. आणि लगेच का नाही आलास ते सांग आधी! लगेच आला असतास तर!"

त्यावर तो बोलला नाही. या वेळी ताई त्याच्या उजव्या बाजूला होती, म्हणजे ऐकलं नाही असं नव्हतं. तिनंही मान खिडकीकडे वळवली आणि नाक पुसलं. ते पुसणंही रागातच होतं.

शेडमध्ये पोचल्यावर त्यानं जाहीर केलं की उद्यापासून डॅशबोर्ड बंद. फक्त एसीत गॅस भरायचा. गॅस भरणं म्हणजे नळी लावायची, काटा बघायचा, नळी काढायची. त्याच्या भाषेत हे काम भोपळ्यालाही जमतं. टॅक्सीवाला गाडीजवळ वाट बघत उभा होता. त्याला गारेगारनं सांगितलं, "ही गाडी कोपऱ्यावर ने. तो काठी लावून शोधेल."

"अशी नेऊ?" टॅक्सीवाल्यानं लोंबणाऱ्या वायरींकडे हात केला. "रस्त्यात स्टिअरिंग मांडीवर घेऊन? तू सोललीस, तू बसव! आणि ती टकटक काढ आधी. तुझा कान गेला त्याचं मला वाईट वाटतं. पण लोक चोर मला म्हणतायत, तुला नाही!"

हे बोलणं मला कठोर वाटलं. पण त्याचंही चुकत नव्हतं.

"सोड त्याला," ताई टॅक्सीवाल्याला म्हणाली. "तो आता भोपळा होणार आहे."

मी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तेव्हा आतून असा आरडाओरडा येत होता की मला हायसं वाटलं. कारण असं होतं. ताईनं शेजारच्या सुताराला आणि त्याच्या भावाला बोलावून आपलं लोखंडी शिवणयंत्र डाव्या भागातून उचलून आणलं होतं आणि शेडच्या उजव्या टोकाला, त्याच्या पान्यांच्या फळीखाली ठेवलं होतं. फोमची पोती, दोऱ्यांची रिळं, कातड्याच्या गुंडाळ्या, सगळा संसार त्याच्या उजव्या हाताला येऊन बसला होता.

"माझी जागा आहे ही!"

"इकडे उजेड बरा आहे."

"उजेड? इकडे खिडकीच नाही! खिडकी तुझ्याकडे होती!"

"मला खिडकीचा कंटाळा आला."

"दया दाखवतेस माझ्यावर? हां? बहिऱ्याची कीव आली तुला?"

"कीव?" ताई यंत्रावरून उठलीच. "तुझी? कीव करायला आत काहीतरी चांगलं असावं लागतं माणसाच्या! मी काय बोलले ते तुला ऐकू गेलंच पाहिजे, म्हणून आले मी इथं! फुकट शिव्या द्यायला मला वेळ नाही!"

तो टॅक्सीच्या दारापाशी पाय पसरून बसला. शेडवरची डॅशबोर्ड-दुरुस्तीची पाटी काढायला शिडी लावलेली होती, पण तो चढत नव्हता. टॅक्सीवाला आत बसून सुटलेल्या स्टिअरिंगकडे बघत होता. त्यानं उगाचच किल्ली फिरवली. टक, टक, टक.

ताई काम करत होती. ती एका सीटच्या कोपऱ्यात फोम भरत होती. त्यासाठी तिच्याकडे एक काठी आहे. हातभर लांबीची, कठीण लाकडाची, दोन्ही टोकं घासून गोल केलेली, वर्षानुवर्षं हाताचं तेल पिऊन काळी पडलेली. आईच्या काळातली. सीटच्या अशा सांध्यात ती काठी घुसते जिथं बोट जात नाही. ताई एक टोक फोमवर रोवत होती आणि दुसऱ्यावर हाताचा तळवा मारत होती. धप्. धप्. प्रत्येक धपेला गारेगार मान वळवून बघत होता. मला वाटलं, आता ओरडणार.

तो उठला, तिच्या हातातून काठी हिसकावली.

"ए! फोम अर्धा आहे माझा!"

"थांब."

तो टॅक्सीत गुडघे टेकून बसला. या वेळी हनुवटी टेकली नाही. काठीचं एक टोक त्यानं मधल्या जाळीवर धरलं आणि दुसरं टोक उजव्या कानामागच्या हाडावर. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. हे करताना त्याला कुणी पाहू नये अशी त्याची इच्छा होती आणि आम्ही तिघंही तोंड वासून पाहत होतो.

"चालू ठेव," तो टॅक्सीवाल्यावर खेकसला.

काठी उजवीकडे सरकवली. "कमी." आणखी उजवीकडे, जिथं त्यानं दोन दिवसांपूर्वी सगळं उसवलं होतं तिथं. "काहीच नाही. काहीच नाही इथं!" त्यानं स्वतःलाच एक शिवी दिली, चांगली लांब. मग काठी मधून डावीकडे नेली. "येतंय." ग्लव्ह बॉक्सच्या वर. "येतंय." ग्लव्ह बॉक्सच्या मागे, अगदी कडेला, पंख्याच्या डोक्यापाशी. तो थांबला. काठी जरा वर, जरा खाली, पुन्हा तिथंच. आणि मग त्यानं डोळे मिटले.

"इथं," तो म्हणाला.

ग्लव्ह बॉक्स निघाला, हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेरची हवा की आतली, हे ठरवणाऱ्या झडपेची मोटर होती ती. बाहेर आली. पोट फोडलं. पांढऱ्या चाकाचा एक दात मुळापासून मोडलेला होता. गारेगारनं ते चाक उजेडाकडे धरलं आणि असा ओरडला की कोपऱ्यावरचा गॅरेजवाला रस्त्यावर आला.

"एवढासा! एवढासा दात! तांदळाएवढा! याच्यासाठी माणसाची अब्रू जाते, याच्यासाठी लोकांना चोर म्हणतात! त्याला लोखंडाचं चाक करायला काय झालं होतं? हात मोडले होते?"

मग त्यानं ते चाक टॅक्सीवाल्याच्या तळहातावर ठेवलं. टॅक्सीवाल्यानं मूठ मिटली आणि मिशांतल्या मिशांत म्हणाला, "हे मी मीटरलाच बांधून ठेवतो. कुणी काही बोललं की दाखवतो."

उजवी बाजू बसवायला संध्याकाळ झाली. एक क्लिप मोडली आणि एक स्क्रू उरला. त्याबद्दल गारेगारनं टॅक्सीवाल्याला आधीच सांगून टाकलं, "खड्ड्यात कुरकुरेल. माझ्यामुळे. दर महिन्याला आणायची, मी बघणार. बोलायचं काम नाही." टॅक्सीवाल्यानं किल्ली फिरवली. गरम हवेची एक झुळूक आली आणि बाकी काही नाही. आम्ही सगळे त्या 'काही नाही'कडे कान देऊन उभे होतो.

टॅक्सी गेली. शिडी अजून पाटीला टेकलेली होती. गारेगारनं ती उचलून मागच्या भिंतीला लावली आणि भिंतीला शिव्या दिल्या.

"काठी," ताईनं हात पुढे केला.

"कसली काठी?"

"फोमची. आईची. माझी. दे."

"उद्या."

"उद्या का? अर्धी सीट लटकलीय माझी!"

"मला लागणार आहे. सकाळी शाळेच्या बाई येतायत. त्यांची मी उगाच उजवी बाजू उघडली होती. ती डावी असणार, मला आत्ताच कळलंय. दुसरी करून घे तू."

"दुसरी? तू घे दुसरी! कोपऱ्यावरच्याकडे स्क्रू ड्रायव्हर आहे चांगला लांब, माग जाऊन!"

"मी? त्याच्याकडे? मेलो तरी नाही!"

"मग मोज किंमत. आजपासून तुला ऐकवून घ्यावं लागेल. रोज. सकाळी."

"मी काय घाबरतो तुला?"

ताई यंत्रावर बसली. दोरा ओवला. आता ती त्याच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर होती. यंत्र सुरू करण्याआधी तिनं मान वर न करता म्हटलं, "काय रे काठीवाल्या."

गारेगारनं पाना खाली टाकला.

"कुणाला म्हणालीस?" तो गरजला. "पुन्हा म्हण! पुन्हा म्हणून बघ!"

ताईनं पुन्हा म्हटलं.